हिरवी टिक मिळाली, पण गणित आलं का?

ॲपवर अभ्यास करणाऱ्या मुलांबद्दल गेल्या दोन-तीन महिन्यांत इतकी पत्रं आलीत की यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून ह्याच एका गोष्टीवरची चार पत्रं घेतलीयेत. मी अठरा वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आता सहा वर्षं सॉफ्टवेअरसाठी प्रश्न लिहिते, त्यामुळे दोन्हीकडून जे बघितलंय ते सांगते.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे, सेमी इंग्लिशला. शाळेने गणिताचं ॲप दिलंय, रोज वीस मिनिटं करायचं आणि आठवड्याला पाच स्किल, म्हणजे ॲपमधले छोटे घटक, पूर्ण करायची. वर्गाच्या यादीत त्याचं नाव कायम वरच्या तिघांत, म्हणून मी निर्धास्त होते. परवा सहज गवार निवडत त्याच्या शेजारी बसले तर तो प्रश्न वाचतच नाहीये! पहिला पर्याय दाबतो, लाल आलं की दुसरा, मग तिसरा, हिरवं आलं की पुढे. जिथे उत्तर टाइप करायचं असतं तिथे हिंटचं बटण टक टक टक दाबत राहतो, शेवटच्या हिंटमध्ये उत्तरच लिहिलेलं असतं ते टाकतो. वीस मिनिटांत २३ प्रश्न पूर्ण. आणि घटक चाचणीत २० पैकी ६. मी खूप ओरडले, टॅब कपाटात ठेवून दिलाय. हे म्हणतात, हुशार आहे, सिस्टीम कळली त्याला, मोठा झाला की कामाला येईल. मला तर ही सरळ लबाडी वाटते. काय करू?
— एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, आधी टॅब कपाटातून काढा, आणि ओरडलात त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या जागी मी असते तर पहिल्या क्षणी मीही ओरडलेच असते. पण लबाडी हा शब्द तेवढा मनातून काढून टाका. त्याला आपण काय सांगितलंय? पाच स्किल पूर्ण कर. शाळेनेही तेच सांगितलंय, यादीत नाव त्याचंच वर लागतं, आणि ॲप तर दर टिकेला टुंग करून शाबासकी देतं. ह्या तिघांनी मिळून त्याला जे काम दिलं ते त्याने केलं. गणित समजून घे हे काम त्याला ह्यातल्या कोणीच दिलं नाही, ते फक्त आपल्या सगळ्यांच्या मनात होतं.

तुमच्या ह्यांचंही थोडं खरं आहे, सिस्टीम कळायला डोकं लागतंच. पण त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. ही किंमत मोजायचा प्रयत्न अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी केला, २००४ साली त्यांचा निबंध आला. तिथल्या शाळांत कॉग्निटिव्ह ट्यूटर नावाचं गणिताचं सॉफ्टवेअर वापरायचे. निरीक्षक वर्गात उभे राहून डोळ्याच्या कोपऱ्यातून एकेका मुलाकडे २० सेकंद बघायचे, म्हणजे आपल्याकडे बघतायत हे मुलाला कळू नये, आणि नोंद करायचे की हा गणित करतोय, शेजाऱ्याशी बोलतोय, नुसता बसलाय की तुमचा मुलगा करतो ते करतोय. त्याला त्यांनी गेमिंग द सिस्टीम म्हटलं, म्हणजे न शिकता सॉफ्टवेअरच्या पळवाटांतून उत्तर काढणं. एकूण वेळात ह्याचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. मुलं गप्पा मारण्यात, टंगळमंगळ करण्यात ह्याच्या कितीतरी पट वेळ घालवत होती. पण शेवटच्या चाचणीत सगळ्यात जास्त फटका कोणाला बसला तर ह्या टकटक करणाऱ्यांना! वारंवार असं करणारी मुलं बाकीच्यांच्या साधारण दोन तृतीयांश इतकंच शिकली. गप्पा मारणाऱ्यांचं एवढं नुकसान झालं नाही. मला स्वतःला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटायला वेळ लागला, कारण वर्गात मी आयुष्यभर गप्पा मारणाऱ्यांनाच उभं केलं आणि स्क्रीनकडे मान घालून बसलेल्यांना शाबासकी दिली.

आणि अजून एक गोष्ट त्यात निघाली जी तुमच्या कामाची आहे. आपल्याला वाटतं असं करणाऱ्या मुलाला विषयात गोडी नसते. तर त्या निबंधाचा अंदाज वेगळा होता, पुढच्या अभ्यासांत मात्र विषय न आवडण्याचाही संबंध दिसला. "मला हे येणारच नाही" असं ज्यांनी मनाशी धरलं होतं, किंवा ज्यांना चुकलेलं कोणाला दिसूच नये असं वाटत होतं, अशी मुलं ह्यात जास्त असावीत असं त्यांना वाटलं. म्हणजे तुमच्या मुलाचं बोट एवढं भरभर चालतंय ते आळसानेच असेल असं नाही, प्रश्न नीट वाचला आणि तरीही नाही आला तर काय, ही भीती त्यामागे असू शकते. न वाचता चुकलं तर ते चुकणं आपलं नसतं ना. म्हणून ओरडण्याचा उपयोग होत नाही, भीतीत अजून भर पडते.

आता करायचं काय. आधी हे बघा की तो कुठे टकटक करतोय. जे त्याला आधीच येतं तिथेही मुलं भरभर दाबतात, कारण तेच तेच पंधरा वेळा करायचा कंटाळा येतो, त्यात फारसं बिघडत नाही, बेकर आणि मंडळींनाही अशी मुलं सापडली जी टकटक करूनही चाचणीत व्यवस्थित होती. काळजी करायची ती जिथे येत नाही तिथल्या टकटकीची. हे ओळखायला ॲप लागत नाही. त्याने पूर्ण केलेल्या पाच स्किलमधला एकेक प्रश्न वहीवर लिहून द्या, पर्याय न देता, आणि सोडवताना मोठ्याने बोल म्हणा. उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगू नका, नुसतं ऐका.

हे ऐकणं किती महत्त्वाचं त्याची एक जुनी गोष्ट सांगते, कॉम्प्युटर शाळेत यायच्या आधीची. १९७३ साली स्टॅनली अर्लवांगर ह्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या सहावीच्याच एका मुलाबद्दल लिहिलं, लेखात त्याला बेनी असं नाव दिलंय. त्या शाळेत प्रत्येकाने आपापल्या गतीने गणिताच्या पुस्तिका सोडवायच्या, त्या उत्तरसूचीवरून तपासल्या जायच्या, ८० टक्के बरोबर आले की पुढची पुस्तिका. आजच्या ॲपचाच प्रकार, फक्त कागदावरचा. बेनी वर्गात पुढे होता, बाईंच्या मते चांगला चालला होता. अर्लवांगरने शेजारी बसून विचारलं की ५/१० दशांशात कसं लिहायचं, तर हा म्हणाला १.५. का? ५ आणि १० मिळून १५, मध्ये टिंब. ४/११ सुद्धा १.५ आणि ११/४ सुद्धा १.५! त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं, कारण त्याच्या लेखी गणित म्हणजे उत्तरसूचीत काय छापलंय त्याचा माग काढणं. इतकी वर्षं कोणी त्याला बोलतं केलंच नव्हतं, म्हणून कोणाला कळलंच नाही.

तुम्ही गवार निवडत होतात हे पत्रात लिहिलंत म्हणून सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी ३/४ + १/२ हे स्क्रीनवर आलं की अगदी असंच करायची, पर्यायांवरून बोट फिरवत राहायची. एकदा मी तिला विचारलं, पाऊण किलो बटाटे आणि अर्धा किलो कांदे घेतले, पिशवी किती किलोची? ती लगेच म्हणाली सव्वा. मग मी म्हटलं हे पाऊण म्हणजे स्क्रीनवरचं ३/४, आता तुझं सव्वा आकड्यात लिहून दाखव. तिने बराच वेळ लावला, १ लिहिला, मग त्याच्यापुढे १/४ लिहिलं, आणि स्क्रीनवरच्या पर्यायांत ५/४ होतं ते बघून म्हणाली माझं चुकलं. चुकलं नाही हे तिला चार तुकडे काढून दाखवेपर्यंत तास संपला. एका प्रश्नाला पूर्ण तास! पण त्या प्रकारच्या प्रश्नांना पुढे तिचं बोट थांबायला लागलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द बसलेत, मुलांच्या कानावर ते रोज पडतात, ते वापरा.

हिंट बंद करायला सांगू नका. शेवटच्या हिंटमध्ये उत्तर मिळणं हे काही वाईट नाही, त्यानंतर मूल काय करतं ह्यावर आहे. २००८ मध्ये कार्नेगी मेलनच्याच लोकांनी जुन्या नोंदी तपासल्या तर असं दिसलं की उत्तर बघितल्यावर जी मुलं थोडी थांबत होती, म्हणजे हे असं का आलं असा विचार करत असावीत, ती शिकत होती. सोडवून दाखवलेल्या उदाहरणावरून आपण शिकतो तसंच ते. म्हणून घरात एकच नियम करा, हिंट कितीही घे, पण उत्तर बघितलंस की टाकायच्या आधी ते का आलं हे मला एका वाक्यात सांग. तुम्ही स्वयंपाकघरात असाल तर तिथून ओरडून सांगू दे. नाही सांगता आलं तर नाही आलं म्हण आणि प्रश्नाचा क्रमांक वहीत लिही, रविवारी बघू. वीस मिनिटांत २३ च्या जागी ६ प्रश्न होतील, यादीतलं नाव खाली जाईल, आणि त्याला त्याचं वाईट वाटेल. तेव्हा त्याला सांगा की घरात आम्ही ती यादी बघत नाही. आणि मग खरंच बघू नका, हे ह्यांनाही सांगा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, चौथी-पाचवी एकत्र, ३१ मुलं आणि देणगीतून मिळालेले ८ टॅब. त्यातले दोन चार्ज होत नाहीत. महिन्याला किती पाठ पूर्ण झाले त्याचा आकडा वर कळवायचा असतो. पाच-पाच मुलांचा एक गट, त्यातलं एखादं चपळ मूल सगळ्यांच्या लॉगिनमधून भराभर पाठ संपवतं, बाकीची चार बघत बसतात. मला दिसतं सगळं. पण थांबवलं तर आमच्या शाळेचा आकडा केंद्रात सगळ्यात खाली जाईल. मागच्या महिन्यात तर मीच म्हटलं, उरका रे लवकर. हे लिहितानाही लाज वाटते.
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, लाज वाटून घेऊ नका. वरून आकडा मागितला, तुम्ही मुलांकडे आकडा मागितला, मुलांनी टॅबकडे मागितला. पहिल्या पत्रातला मुलगा आणि तुम्ही एकाच अडचणीत आहात, आणि हे मी तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही. ज्या आकड्याचा मुलाच्या शिकण्याशी संबंध तुटलाय तो आकडा कोणीही मागितला की माणसं तो आणून देतातच, शिक्षक असो नाहीतर विद्यार्थी.

तुमच्याकडे मला खरी अडचण वेगळीच दिसते. हे पाठ चौथी-पाचवीचे आहेत ना? आणि मुलं खरी कुठे आहेत? दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या आपल्याकडच्याच सॉफ्टवेअरवर मुरलीधरन, सिंग आणि गानिमियान ह्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी मोठा प्रयोग केला, २०१९ मध्ये तो छापून आला. शाळेनंतरच्या केंद्रांत सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या मुलांसाठी. तिथे आधी चाचणी घेतली तेव्हा सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे निघाली. म्हणजे सहावीचा पाठ उघडून दिला तर त्यांना त्यातलं बहुतेक काही कळणारच नव्हतं. त्या सॉफ्टवेअरने प्रत्येकाला तो जिथे आहे तिथूनच सुरुवात करून दिली, सोबत केंद्रात एक माणूस शिकवायलाही असायचा, आणि साडेचार महिन्यांत त्यांचं गणित आणि हिंदी दोन्ही ठळकपणे सुधारलं. मी हे एवढ्यासाठी सांगते की जे कळतच नाही त्यावर मूल दुसरं करणार तरी काय, तुक्काच मारणार. तुमचा चपळ मुलगा उद्या गावाला गेला तर दुसरा कोणीतरी तेच करेल.

म्हणून जमलं तर हे करून बघा. सहा चालू टॅब आहेत, तर पाचचे सहा गट आणि एक मूल जास्तीचं. गटात टॅब हातात धरणारा वेगळा आणि उत्तर सांगणारा वेगळा, आणि सांगणाऱ्याने टॅबला हात लावायचा नाही. बाकी तिघांनी पाटीवर सोडवायचं. तिघांपैकी दोन पाट्या जुळल्या की मगच दाबायचं. पाटी ही आपल्या शाळेत आहेच, तिला चार्जिंग लागत नाही आणि पाचही मुलं कामाला लागतात. चपळ मुलाला उत्तर सांगणाऱ्याच्या जागी बसवू नका, त्याला "का?" विचारणारा करा, तो ते फार छान करेल कारण त्याला ॲपच्या खोड्या सगळ्यात जास्त माहीत आहेत. पाठ खालच्या इयत्तेचे उघडता येत असतील तर दुसरी-तिसरीचे उघडा, हातच्याची वजाबाकी जिथे अडलीय तिथून.

आणि वर काय सांगायचं? मी असताना आम्ही एकदा असं केलं होतं की आकड्याच्या कागदासोबत प्रत्येक मुलाच्या वहीचं एक पान जोडलं, महिन्याच्या पहिल्या दिवशी सोडवलेलं उदाहरण आणि शेवटच्या दिवशी तसंच दुसरं. आमच्या केंद्रप्रमुखांनी ती पानं उलटून बघितली आणि बैठकीत आकड्याबद्दल एक शब्द काढला नाही. प्रत्येक ठिकाणी असं होईल असं मी म्हणत नाही, पण वहीचं पान बघितल्यावर आकडा कमी का हे माणसाला न सांगता कळतं. तुम्ही एकट्याने नका करू, केंद्रातल्या अजून दोन शाळांना सोबत घ्या, तीन शाळांचे आकडे एकदम खाली आले की विचारणा तरी होईल, आणि विचारणा व्हायलाच हवी.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या शाळेत रविवारी रात्री ९ पर्यंत ॲपवरचा होमवर्क संपवावा लागतो, नाहीतर ग्रुपवर लाल रंगात नाव येतं. मी शनिवारपर्यंत काही करत नाही आणि मग रविवारी हिंट दाबून दाबून सगळं संपवते. मैत्रिणीने एक ट्रिक सांगितली की चुकीचं उत्तर तीन वेळा टाकलं की तोच प्रश्न सोप्या आकड्यात येतो. मला माहितीये हे चूक आहे. पण बीजगणित मला खरंच कळत नाही आणि आता विचारायला पण उशीर झालाय कारण ॲपवर माझं ९२% पूर्ण दिसतं. सर म्हणतील मग इतके दिवस काय केलंस.
— नाव नको

उत्तर : बाळा, तू हे लिहिलंस ह्यातच तू केवढं मोठं काम केलंयस. उशीर अजिबात झालेला नाही, आठवीचं बीजगणित म्हणजे फार तर तीन-चार गोष्टी आहेत ज्या कळल्या की बाकीचं त्यावर चढत जातं, आणि त्या कोणत्या अडल्यात ते शोधायला एक दुपार पुरते.

सरांना ते ९२ टक्क्यांचं सांगायलाच पाहिजे असं नाही. नुसतं एक उदाहरण घेऊन जा. समज २(x + ३) = १४ हे. म्हणायचं, सर, इथपर्यंत मी करते आणि इथे मला कळत नाही. "मला बीजगणित येत नाही" म्हटलं की सरांनाही कुठून सुरू करावं कळत नाही, पण एका ओळीवर बोट ठेवलंस की कुठलाही शिक्षक खुर्ची ओढून बसतो, माझ्यावर विश्वास ठेव. सरांना अगदीच भीती वाटत असेल तर वर्गात जिला येतं तिला विचार, घरात दादा-ताई असेल तर त्यांना.

आणि त्या ट्रिकबद्दल. तीन वेळा चुकवून सोपा आकडा येतो ना, तर तो सोपा आकडा वापर! त्यासाठीच तो ठेवलेला असतो. सोप्या आकड्याचं वहीत सोडव, मग परत मागे जाऊन अवघड आकड्याचं त्याच पद्धतीने कर. तेच बटण, तू फक्त वेगळ्या कामाला लावलंस. आणि रविवारी रात्री आठ वाजता ते होणार नाही, तेव्हा डोकं फक्त लाल रंगाचा विचार करतं. मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटं, चार प्रश्न, बास. एखाद्या रविवारी नाव लाल रंगात आलं तर येऊ दे. तुझ्या शाळेलाही मी ह्या पानावरून सांगते, ग्रुपवर सगळ्यांसमोर लाल रंगात नाव टाकणं बंद करा, तेरा वर्षांच्या मुलीला त्याने अभ्यासाची नाही, लपवायची सवय लागते.

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात दोघं मित्र मिळून पाचवी ते आठवीसाठी मराठीतून गणिताचं ॲप बनवतोय. टेस्टिंगला एका क्लासमधली मुलं घेतली तर लॉगमध्ये, म्हणजे ॲपने ठेवलेल्या नोंदीत, दिसतं की बरीच मुलं दोन सेकंदात उत्तर देतात, हिंट धडाधड उघडतात. तीन उपाय सुचलेत. हिंटच्या मध्ये १० सेकंदांचा टायमर, चुकीच्या उत्तराला निगेटिव्ह मार्क, आणि एक कार्टून जे रागावेल. कोणता घ्यावा?
— डेव्हलपर, कोल्हापूर

उत्तर : रागावणारं कार्टून आधी कोणीतरी करून बघितलंय म्हणून त्याचं सांगते. बेकर आणि मंडळींनी २००६ च्या सुमारास त्याच कॉग्निटिव्ह ट्यूटरमध्ये स्कूटर नावाचं कुत्र्याचं पिल्लू घातलं. मूल नीट काम करत असेल तर ते खूश दिसायचं, टकटक सुरू झाली की हळूहळू चिडत जायचं. आणि दुसरी एक गोष्ट ते करायचं, मुलाने ज्या पायरीचं उत्तर टकटक करून मिळवलं असेल त्याच पायरीवर जादा प्रश्न द्यायचं. टकटक कमी झाली, पण शिकण्याच्या बाबतीत खरा फायदा दिसला तो जादा प्रश्न मिळालेल्या मुलांना, ती मागे पडलेली असूनही बाकीच्यांच्या जवळ आली. आणि स्कूटर काही मुलांना आवडला नाही, रागावणारं तोंड कोणाला आवडतं? तर त्यातलं जादा प्रश्नांचं घ्या आणि राग सोडून द्या. सूर असा ठेवा की "ही पायरी पटकन गेली, अजून एकदा बघूया". ते शिक्षेसारखं वाटलं की संपलं.

टायमर मी स्वतः एका कामात लावून बघितलाय. मुलं दहा सेकंद पंख्याकडे बघतात आणि परत दाबतात. आणि ज्या मुलीला खरंच अडलंय, जिने प्रश्न तीनदा वाचलाय, तिलाही ते दहा सेकंद बसून राहावं लागतं, तिचा काय गुन्हा? टायमर लावायचाच असेल तर शेवटच्या हिंटनंतर लावा, उत्तर दिसल्यावर, आणि त्या वेळात एक छोटा प्रश्न विचारा की ह्यात दोनने का भागलं. निगेटिव्ह मार्क तर अजिबात नको. पहिल्या पत्रातला मुलगा आठवा, चुकायच्या भीतीनेच जो वाचत नाही त्याला तुम्ही चुकायची किंमत वाढवून देणार. तो मग उत्तर शेजाऱ्याकडून घेईल, आणि ते तुमच्या लॉगमध्ये दिसणारही नाही.

पण मला तुम्हाला जास्त सांगायचंय ते प्रश्नांबद्दल. २००९ मध्ये बेकर ह्यांच्याच गटाने मुलांऐवजी पाठ तपासले, कुठल्या पाठात जास्त टकटक होते, आणि पाठापाठांत जो फरक होता त्यातला निम्म्याहून जास्त पाठ कसा बनवलाय ह्यावरूनच सांगता येत होता, त्यात प्रश्नाची भाषा धूसर आणि संदिग्ध असणं हाही भाग होता. तुम्ही मराठीतून करताय ह्याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणूनच कळकळीने सांगते, मराठी ॲपमधले प्रश्न मी वाचते तेव्हा अर्ध्या ठिकाणी मलाच कळत नाही काय विचारलंय. "खालीलपैकी कोणत्या पर्यायात दिलेल्या राशीचे सरलीकृत रूप दर्शविले आहे" असं वाचल्यावर पाचवीतलं मूल वाचणं बंद करणार नाही तर काय करेल! "हे सोपं करून लिहा" एवढंच लिहा. मशीनवर भाषांतर करून टाकलेले प्रश्न असतील तर ते आधी काढा, टायमरच्या आधी.

कंटाळ्याकडेही लक्ष द्या. बेकर, डिमेलो, रॉड्रिगो आणि ग्रेसर ह्यांच्या २०१० च्या निबंधात असं दिसलं की मूल वैतागलेलं असेल तर त्याची एवढी काळजी करायचं कारण नाही, कंटाळलेलं मूल मात्र टकटकीकडे वळतं आणि कंटाळ्यातून सहजी बाहेर येत नाही. तुमचं ॲप एकाच प्रकारचे पंधरा प्रश्न देत असेल तर तीन बरोबर आल्यावर सोडा त्याला, आणि तोच प्रकार दोन दिवसांनी वेगळे आकडे घालून परत विचारा, पर्याय न देता. टकटक करून मिळवलेली टिक तिथे टिकत नाही आणि ज्याला येतं त्याचा वेळही वाया जात नाही. डॅशबोर्डवर, म्हणजे मुलांची प्रगती दाखवणाऱ्या पानावर, शिक्षकांना "किती पूर्ण" हा आकडा मोठ्या अक्षरात दाखवू नका, दोन दिवसांनंतर किती जमलं तो दाखवा. साताऱ्याच्या बाईंचं पत्र तुम्ही दोघांनी बसून वाचा, तुमचा डॅशबोर्ड उद्या त्यांच्याच टेबलावर येणार आहे.

आणि लॉगवर थांबू नका. दोन सेकंदात आलेलं उत्तर कंटाळ्याचं, भीतीचं की खरंच येत असल्याचं हे लॉग सांगत नाही. त्या क्लासमध्ये एक दुपार जाऊन एका मुलाच्या शेजारी बसा, काही शिकवू नका, काही सुचवू नका, वही उघडी ठेवा आणि फक्त एवढंच टिपा की त्याचे डोळे कितव्या प्रश्नाला वाचायचे थांबले. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न नव्याने लिहा आणि त्याच मुलाला परत दाखवा.